सतरा नंबरचं कॅल्शियम

रजेचा अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदाच केला, आणि तोही महिनाभर आधी. नळीदादाने तो वाचला आणि भुवया वर केल्या.

"मावशी, बावीस वर्षांत एक दिवस घेतला नाहीत आणि आता एकदम पंचेचाळीस? मेंढ्या संपावर जातील."

"जाऊ देत. तू आहेस ना सांभाळायला."

"मला बघून त्या लाथा मारतात."

"मेंढी लाथ मारत नाही, धडक मारते. आठ वर्षं झाली इथं, तेवढं तरी शीक."

नळीदादा आमच्या केंद्राच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या सांभाळतो, म्हणून त्याचं हे नाव. अर्ज त्याने डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. डॉक्टरबाईंनी दिनदर्शिका पाहिली आणि विचारलं, "लेकीची तारीख काय दिलीय?"

"बावीस."

"आपल्या बाराही मेंढ्या आठ तारखेपर्यंत व्यायला हव्यात. तुम्ही दहाला निघा." आणि त्यांनी सही केली.

त्या सहीसाठी मी किती वर्षं थांबले होते ते त्यांना ठाऊक नव्हतं. लेक चार वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि पुढे दोन-तीन वर्षांत मला मेंढी केंद्रात काम मिळालं. राहायला गोठ्याला लागून एक खोली. तिथे शाळा जवळ नव्हती म्हणून लेकीला वसतिगृहात ठेवलं. सुट्टीत ती यायची तेव्हा नेमका मेंढ्या व्यायचा हंगाम असायचा. एकदा तिला ताप आला होता. मी गोठ्यातून येऊन तिच्या कपाळावर हात ठेवला, तर ती म्हणाली, "मेंढीचा ताप काचेच्या नळीने मोजतेस आणि माझा हाताने." ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

वसतिगृहातून ती पत्रं पाठवायची. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. नळीदादाच्या आधी जो माणूस होता तो वाचून दाखवायचा, आणि परक्या माणसाच्या तोंडून आपल्या लेकीचं पत्र ऐकताना मी नुसती मान हलवायचे. मेंढ्यांच्या कानातले नंबर आणि तक्ते वाचावे लागतात म्हणून पुढे मी शिकले. ती पत्रं मी स्वतः वाचायला लागले तोवर तिने लिहायचं सोडलं होतं.

आता ती दोन गाड्या बदलून दीड दिवस लागतो अशा शहरात आहे. कपडे शिवायच्या कारखान्यात होती, सातव्या महिन्यात तिने काम थांबवलं. जावई चांगला आहे, पण पाळीवर जातो. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो, पाच-सात मिनिटांचा. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका रविवारी ती म्हणाली, "यायचं असेल तर ये." एवढंच. आग्रह नाही की काही नाही. पण तिच्या तोंडून 'ये' हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला ते माझं मलाच माहीत.

डॉक्टरबाईंचा प्रयोग सोपा होता, निदान मला समजावला तसा. बारा मेंढ्या, सगळ्या जुळ्या कोकरांच्या गाभण. डावीकडच्या सहांना चाऱ्यात खनिज मिश्रण द्यायचं, उजवीकडच्या सहांना शेवटचे सहा आठवडे द्यायचं नाही. दर तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मानेतून रक्त घ्यायचं. उजवीकडची एखादी लंगडायला लागली किंवा बसली तर लगेच कॅल्शियमची सुई द्यायची आणि तिला प्रयोगातून काढायचं. तेराव्या, म्हणजे तेवीस नंबरच्या मेंढीला राखीव म्हणून बाजूला ठेवलं होतं. तिलाही बिनमिश्रणाचाच चारा होता. ती पहिल्या खेपेला गाभण राहिली नव्हती, सतरा दिवसांनी पुन्हा माजावर आली तेव्हा राहिली, म्हणून बाकीच्यांच्या बरीच मागे होती.

रक्त घेताना मेंढी धरायचं काम माझं. माझंच का, ते डॉक्टरबाईंनी एकदा सांगितलं होतं. अनोळखी हात लागला की मेंढी घाबरते, तिच्या रक्तात भीतीचं संप्रेरक उसळतं आणि बाकीच्या आकड्यांची गल्लत होते. माझ्या हातात त्या डोळे अर्धे मिटून उभ्या राहतात.

मी त्यांना विचारलं होतं, "बाई, चाऱ्यातून मिळालं नाही तर पोटातली कोकरं कशावर वाढतात?"

त्यांनी मेंढीच्या गळ्यावर बोट ठेवलं. "इथे आत दाण्याएवढ्या गाठी असतात. रक्तात कॅल्शियम कमी झालं की त्या संप्रेरक सोडतात. मग हाडांतून कॅल्शियम निघतं आणि रक्तात येतं."

"म्हणजे आपली हाडं झिजवून देते."

"हो. आणि गंमत सांगू? कोकराला स्वतःच्या गाठी असतात. तेही पोटातून ओढत असतं. आईच्या रक्तात जेवढं कॅल्शियम असतं त्याहून जास्त कोकराच्या रक्तात सापडतं. आईकडे कमी असलं तरी."

"लेकरं अशीच," मी म्हटलं. "आणि जीवनसत्त्वं? तीही ओढतात?"

"सगळी नाही. ई जीवनसत्त्व नाळेवाटे जेमतेम थेंबभर जातं. ते चिकातून मिळतं. जन्मल्यावर कोकरू आईच्या कासेला लागलं तरच."

व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस येणाऱ्या त्या घट्ट, पिवळट दुधाला आम्ही चीक म्हणतो. हजार कोकरांना मी तो पाजला असेल. पण काही गोष्टी पोटात असताना देता येतच नाहीत, त्या नंतर जवळ असल्यावरच देता येतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खोलीवर गेले आणि रजेचा अर्ज लिहिला.

पुढच्या रविवारी लेकीचा फोन आला. आवाज ओढलेला होता.

"पोटऱ्यांत गोळे येतात गं. झोपेतून उठवतात. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, रक्तात कॅल्शियम कमी आहे."

"गोळ्या दिल्या असतील की."

"दिल्यात. वासानेच उलटी होते. ठेवल्यात कपाटात."

"कपाटात ठेवून काय कपाटाची हाडं बळकट होणार आहेत?"

"तू ओरडू नकोस हं लांबून."

लांबून ओरडायचाही हक्क कमवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडच्या मेंढ्यांना मिश्रण घालून मी उजवीकडे वजनाला गेले. सतरा नंबरची तिथे पहिली उभी होती. ओरडताना तिचा आवाज मध्येच अडायचा, म्हणून तिला आम्ही बोबडी म्हणायचो. माझ्या हाताला पांढरी पूड लागलेली होती. बोबडीने मान लांब केली आणि माझा तळहात चाटला. खरबरीत, गरम जीभ. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा शिरली. मी हात मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही. तिने सगळं चाटून पुसून साफ केलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

पहिल्या दिवशी ते चुकून झालं, असं मी म्हणू शकते. दुसऱ्या दिवशी मी तळहात ओला करून मिश्रणाच्या पिंपात घातला होता. तिसऱ्या दिवसापासून मूठ भरून. मूठ रोज मोठी होत गेली. रविवारी लेक म्हणाली की दात ठणकतोय, की सोमवारी बोबडीला दोन मुठी. ती खायची तेव्हा मला हलकं वाटायचं, इतकं हलकं की मी त्याबद्दल विचारच केला नाही. आणि मग तक्त्यावर सतरासमोर, मिश्रणाच्या रकान्यात, मी माझ्या हाताने शून्य काढायचे.

तीन आठवडे असे गेले. उजवीकडच्या पाच मेंढ्यांचे आकडे हळूहळू उतरत होते. बोबडीचा आकडा जागचा हलत नव्हता.

"तुमच्या बोबडीने डॉक्टरबाईंना वेड लावलंय," नळीदादा म्हणाला. "काल एकच नळी तीनदा तपासायला लावली मला. यंत्र बिघडलंय म्हणे. यंत्र ठणठणीत आहे. बोबडीच नमुना आहे."

मी शेणाची पाटी उचलली आणि निघून गेले.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाई स्वतः गोठ्यात आल्या. चार वर्षं त्या याच कामावर होत्या. दोनदा पैदाशीने दगा दिला होता, एकदा रोगाने. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बोबडीसमोर त्या उकिडव्या बसल्या.

"मावशी, या बाईच्या अंगात काहीतरी वेगळंच चाललंय. मिश्रण नाही, जुळी पोटात, आणि रक्तातलं कॅल्शियम कमीच होत नाही. हिच्या गाठी इतरांपेक्षा हुशारीने काम करतायत. मी मोठ्या संस्थेत बोलले. गुरुवारी गाडी येईल. तिथे हिच्या गाठी काढून बघणार आहेत. आणि कोकरांच्याही."

"व्यायच्या आधी?"

"आधीच बघायला हवं ना."

"मग परत कधी येईल?"

डॉक्टरबाई उठल्या. "परत नाही येणार, मावशी. मला माहीत आहे तुमचा जीव आहे हिच्यावर."

तो दिवस सोमवार होता. मला तीन दिवस मिळाले. त्या तीन दिवसांत मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा करत होते, आणि उत्तर दरवेळी तेच येत होतं. तोंड उघडलं तर बोबडी वाचेल, पण उजवीकडे पाचच मेंढ्या उरतील. डॉक्टरबाईंना सहा लागतात. सहावी म्हणून राखीव तेवीस आत येईल. ती व्यायची पंचवीसला. तोवर दर तिसऱ्या दिवशी तिला धरायला माझेच हात हवेत, आणि व्याल्यावर चीक पाजण्याआधी कोकरांचं रक्त घ्यायलाही. लेकीची तारीख बावीस. गप्प राहिले तर दहा तारखेची गाडी माझी होती.

मूग गिळून बसणं मला जमत नाही असं नाही. सगळं आयुष्य मी तेच केलंय. मंगळवारी बोबडीचं वजन केलं. तिच्या कुशीवर हात ठेवला तर आतून एका कोकराने ढुशी दिली. त्या दिवशी मूठ दिली नाही. ती माझा कोरडा तळहात चाटत राहिली.

बुधवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले. नळीदादा नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. डॉक्टरबाई संस्थेसाठी कागद लिहीत होत्या.

"बाई, बोबडीला पाठवू नका. तिच्या गाठीत काही नाही. मी तिला मिश्रण चारलंय."

नळीदादाच्या हातातली चिठ्ठी बोटाला चिकटून राहिली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"किती?"

"मूठभर. कधी दोन."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. रोज. कालपर्यंत नाही, परवापर्यंत."

"तक्त्यावर तुम्ही शून्य लिहीत होता."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "का?"

"लेकीच्या पोटऱ्यांत गोळे येतात."

"यात सतराचा काय संबंध?"

"काही नाही," मी म्हटलं.

नळीदादा हळूच उठून बाहेर गेला. डॉक्टरबाईंनी लिहिलेला कागद दोनदा घडी करून टेबलाच्या कडेला सरकवला. संस्थेतल्या लोकांना त्यांनी फोनवर काय काय सांगितलं असेल आणि आता पुन्हा फोन करून काय सांगावं लागेल, ते मला कळत होतं. माझ्या तोंडून माफी काही निघेना. माफी फार लहान वाटत होती.

"तेवीसला आत घ्यावं लागेल," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"ती पंचवीसला व्याईल. तुमची रजा मी मंजूर केलीय, मावशी. ती मी मागे घेणार नाही. जायचं तर दहाला जा. पण मग तेवीसला धरायला कोणी नाही, आणि ही खेपही गेलीच समजायची. तुम्हीच ठरवा."

रागावून काढून टाकलं असतं तर मी गाठोडं बांधून त्याच दिवशी लेकीकडे गेले असते. त्यांनी ते केलं नाही. ठरवायचं माझ्यावर टाकलं.

"तेवीसला मी धरते," मी म्हटलं.

पुढच्या रविवारपर्यंत थांबायचा धीर नव्हता. दुपारी मीच लेकीला फोन केला. तिने उचलताच विचारलं, "काय झालं? आज रविवार नाही."

"मला दहाला निघता येणार नाही. पंचवीस-सव्वीस होईल."

पलीकडे मागे कुणाच्या तरी घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता तेवढाच.

"मेंढी?" तिने विचारलं.

"हो."

"याही वेळी मेंढीच."

"माझी चूक झाली गं. निस्तरून येते." आणि मी तिला सगळं सांगितलं. तळहात, मूठ, शून्य, गुरुवारची गाडी. मला वाटलं फोन तुटला.

"आहेस का?"

"थांब जरा," ती म्हणाली. "माझ्या पायात गोळे आले म्हणून तू मेंढीला कॅल्शियम चारलंस?"

"हो."

"आणि दात दुखला म्हणून दोन मुठी."

"हो गं बाई, हो. आता काय फळ्यावर लिहून देऊ?"

ती हसली. लहानपणी नाकातून फुसकन हसायची, तसंच. मग ते हसू कुठेतरी अडखळलं आणि पुढे ती हसत होती की रडत होती ते मला दीड दिवसाच्या अंतरावरून ओळखता आलं नाही.

"तू ना, आई, वेडी आहेस. साफ वेडी."

"गोळी कुटून केळ्यात घाल," मी म्हटलं. "वास लागत नाही. खाऊन तरी बघ."

"बघते." मग तिने विचारलं, "ती बोबडी आता काय करतेय?"

"आहे की. प्रयोगातून बाद झाली. आता डावीकडे उभी राहून राजरोस खातेय."

"बरं आहे बाई तिचं," लेक म्हणाली, आणि फोन ठेवला. कधी येतेस, हे तिने पुन्हा विचारलं नाही.

दहा तारीख आली आणि गेली. त्या दिवशी संध्याकाळी माझी गाडी ज्या वेळी सुटायची त्या वेळी मी तेवीसचं पाणी बदलत होते. तोवर बाकीच्या सगळ्या व्याल्या होत्या. बोबडीला दोन माद्या झाल्या. एकेका कोकराला आईपासून दूर, पोटाशी धरून, रक्त घेईपर्यंत मी थांबवून ठेवलं. ती कोकरं तोंड उघडून माझ्या बाहीला लुचायची. दोन-तीन मिनिटंच असतात ती, पण संपत नाहीत. रक्त घेतलं की मी हात सोडायचे आणि ती धडपडत बरोबर आईकडे जायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, तिकडे आता कितवा दिवस असेल.

डॉक्टरबाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. तक्ता आता नळीदादा भरायचा.

एकोणीस तारखेला सकाळी तेवीसच्या रक्ताची पाळी होती. मी तिच्या अंगाला गुडघा लावून उभी होते, एक हात हनुवटीखाली, एक खांद्यामागे. डॉक्टरबाईंनी शीर शोधून सुई आत घातली. आणि माझ्या कामाच्या झग्याच्या खिशात फोन वाजायला लागला.

मेंढीचं अंग ताठ झालं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन नेहमीसारखी हूंऽ हूंऽ करत राहिले. सुई शिरेत असताना हात सोडायचा नसतो. रविवार नव्हता. तारखेला अजून तीन दिवस होते. फोन वाजत राहिला, थांबला. नळीत रक्त हळूहळू चढत होतं. फोन पुन्हा वाजला. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, नळीकडेच पाहत होत्या.

नळी भरली. त्यांनी सुई काढली, कापसाचा बोळा दाबला आणि म्हणाल्या, "हा बोळा तुम्ही धरा. हात हलवू नका." मग माझ्या खिशात हात घालून फोन काढला आणि माझ्या कानाला लावून धरला.

जावई होता. "आई, मुलगी झाली. पहाटे. दोघी बऱ्या आहेत. घाईघाईत दवाखान्यात न्यावं लागलं, कळवायला वेळच मिळाला नाही."

"तिला दे," मी म्हटलं.

बराच वेळ नुसती खुडबुड. मग लेकीचा आवाज, बारीक झालेला. "आई."

"पाजलंस का? पहिलं दूध टाकू देऊ नकोस कोणाला. पिवळं असलं तरी."

"पितेय ती. आत्ताच पितेय." तिने फोन बहुधा खाली नेला. मला काहीच ऐकू आलं नाही. मी कान देऊन ऐकत होते, आणि इथे तेवीसचा श्वास माझ्या मनगटावर गरम लागत होता. मग लेक परत आली. "ऐकलंस?"

"हो," मी खोटं बोलले.

"कधी येतेस?"

"तेवीस व्याली की."

"आणि ती कधी व्याईल?"

मी वाकून कास पाहिली. भरत आली होती, पण अजून सैल होती. "सहा दिवस. पाचही होतील."

"माझ्या गोळ्या संपल्या. केळ्यातून सगळ्या खाल्ल्या," ती म्हणाली. "आई, तिला म्हणावं, जरा उरक."

फोन बंद झाला तरी डॉक्टरबाईंनी तो माझ्या कानाशी तसाच धरला होता. मग खिशात ठेवला, नळीवर नंबर लिहिला आणि म्हणाल्या, "कोकरांचं दुसरं रक्त दोन तासांनी घ्यायचं असतं. ते झालं की त्याच दिवशी निघा. तक्ता मी बघते."

त्या नळी घेऊन गेल्या. मी बोळा काढून पाहिला, रक्त थांबलं होतं. तरी मी तेवीसला सोडलं नाही. तिच्या कुशीवर हात ठेवून उभी राहिले. आत दोघं फिरत होती, आपापलं ओढून घेत होती. मी तिला निरोप सांगितला, जसा मिळाला होता तसा.

ती रवंथ करत होती. तिला काही घाई नव्हती.